परीक्षानळींतील तीन भावंडें

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मान्यता दिली. परंतु शास्त्राची गोडी लागते ती अशा भव्य यंत्रांपेक्षां साध्या परीक्षानळीनेंच. हिंगोली-वसमतचीं मुलें बारावीस जें क्षारपरीक्षण करितात, त्यांतील एका प्रयोगाकडे आम्ही आज वडीलधाऱ्यांचें लक्ष वेधूं इच्छितों.

क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड हीं एकाच कुळांतील भावंडें. सोडियमशीं संयोग पावलेलीं तिन्ही दिसावयास सारखींच पांढरीं; पण संहत गंधकाम्लाचे, म्हणजे सल्फ्युरिक आम्लाचे, थेंब पडतांच प्रत्येकाचा स्वभाव प्रगट होतो. क्लोराइडांतून, अर्थात् आपल्या खाण्याच्या मिठांतून, हायड्रोजन क्लोराइड हा रंगहीन, झणझणीत वायु निघतो. अमोनियांत बुडविलेली कांचेची कांडी जवळ नेल्यास त्याचा दाट पांढरा धूर होतो. ब्रोमाइडची नळी ब्रोमीनच्या तांबूस वाफेनें भरते. आयोडाइड याच्याही पुढें जातें: जांभळी वाफ उठते आणि आम्लाचेंच रूपांतर होऊन पिवळा गंधक व कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायुही निर्माण होतो. हीच जांभळी वाफ १८११ सालीं फ्रान्समध्यें कुर्त्वा याला समुद्रवनस्पतींच्या राखेवर हें आम्ल ओततांना दिसली, आणि आयोडीनचा शोध लागला.

हा भेद कां पडावा? गंधकाम्ल ३०० अंश सेंटिग्रेडच्याही वर उकळतें. म्हणून तें आपल्याहून चंचल अशा आम्लांस क्षारांतून हुसकून लावतें. ही पहिली पायरी तिहींस सारखीच. दुसरी निराळी. क्लोराइड आपला इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतें. ब्रोमाइडचा कण मोठा, आयोडाइडचा त्याहून मोठा. त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर असल्यानें गंधकाम्ल ते सहज हिरावून घेतें. म्हणूनच शुद्ध हायड्रोजन ब्रोमाइड हवा असल्यास रसायनज्ञ फॉस्फरिक आम्ल वापरतात.

आमचीं मुलें मात्र ‘तांबूस धूर म्हणजे ब्रोमाइड’ एवढेंच घोकतात. परंतु नायट्रेटही याच आम्लांत तापविलें असतां तांबूस वायु सोडतें! घोकणारें मूल येथें फसतें. समजून घेणारें मूल क्षाराच्या द्रावणांत विरल नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेट घालून फिकट पिवळा साका पडतो कीं नाहीं हें पाहतें, आणि मगच उत्तर लिहितें.

हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये. हे वायु घशास व फुप्फुसांस अपायकारक असून संहत आम्ल कातडी जाळतें. प्रयोगशाळेंतही डोळ्यांवर चष्मा हवा. शिवाय आम्ल पाण्यांत हळूहळू ओतावें, पाणी आम्लांत कदापि ओतूं नये. आम्लाच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं निर्बंध घातले, ते उगीच नव्हेत.

परीक्षेहून परतलेल्या मुलामुलींस घरांत पहिला प्रश्न गुणांचा होतो. आमची विनंती एवढीच कीं, ‘कोणता रंग दिसला, आणि तो कां दिसला?’ हें आधीं विचारावें.