महिन्याला किती लागतात?

आज हिशेबाचं बोलायचंय. वही-पेन जवळ घ्या, नाहीतर पोरीला लिहायला बसवा. मधे मधे आकडे येणार आहेत.

घर चालवायला महिन्याला किती लागतात, असं गटाच्या बैठकीत विचारलं की दोन तऱ्हेची उत्तरं येतात. एक ताई म्हणते, दहा हजारांत भागतं. दुसरी म्हणते, कितीही आले तरी पुरत नाहीत. दोघीही खरंच बोलतात. पहिली फक्त किराणा, दूध, भाजी मोजते. दुसरीच्या डोळ्यांसमोर दिवाळी, शाळा, आजारपण, भाचीच्या लग्नातला आहेर असं सगळं येतं. पण आकडा दोघींकडेही नसतो. तो कसा काढायचा, ते आज बघू.

शहरातल्या नोकरदाराचं सोपं असतं. एक तारखेला पगार, त्यातून खर्च, उरलं ते शिल्लक. आपल्या येवला तालुक्यात असा पगार किती घरांत येतो? इथं माग आहे, कांदा आहे, मका आहे, आणि मजुरी आहे. मागावरच्या घरात साडी उतरली की पैसे. कांद्याच्या घरात लिलाव झाला की पैसे. खुरपणी-काढणीला जाणाऱ्या बाईला कामाच्या दिवसांत रोज पैसे, आणि राजापूर-ममदापूरकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की शेतात कामच नाही. म्हणून पुस्तकातलं 'महिन्याचं अंदाजपत्रक' आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. आपण आधी वर्ष मोजायचं आणि मग त्याचे बारा भाग करायचे.

एक विणकराचं घर धरू. नाव-गाव नको, आकडेही उदाहरणाचे आहेत, तुमच्या घरचे तुम्ही घाला. नवरा-बायको, दोन शाळेतली मुलं आणि सासूबाई, अशी पाच माणसं. घरात एक माग. एखाद्या महिन्यात २२ हजार हातात येतात, एखाद्यात साडी पुरी होत नाही म्हणून काहीच नाही. पावसाळ्यात मागाच्या खड्ड्यात पाणी झिरपलं की काम थांबतं. वर्षभराची मजुरी बेरीज केली तर समजा १ लाख ६८ हजार झाली. भागिले १२, म्हणजे महिन्याला १४ हजार. या घराची कमाई १४ हजारच. २२ हजारांचा महिना आला तरी त्यातले ८ हजार पुढच्या रिकाम्या महिन्याचे असतात.

जाता जाता एक सांगते. कांड्या भरायच्या बाईने, रेशीम उकलायचं सासूबाईंनी, आणि मजुरी लिहिली जाते एकट्या विणकराच्या नावावर. येवल्याच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण घरातल्या बाईच्या हाताचं मानांकन अजून बाकी आहे. निदान आपल्या वहीत तरी 'दोघांची कमाई' असं लिहा.

आता खर्च. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे या घराला २५ किलो. अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तेवढ्यात पाच माणसांचा महिना निघत नाही, थोडं धान्य विकत आणावं लागतं. ते धरून किराणा, तेल, डाळ, साखर-चहा, मसाला, साबण असे ४,२०० रुपये. दूध ९००. भाजी, अंडी, कधी मटण, मिळून १,६००. गॅसची टाकी दीड महिना पुरते असं धरून महिन्याचे ६००. वीज ५००. एसटी आणि पेट्रोल ६००. वह्या-पेनं आणि शिकवणी ७००. सासूबाईंच्या गोळ्या आणि बारीकसारीक दवाखाना ५००.

मोबाइलचं मात्र जरा थांबून बघा. रिचार्ज महिन्याचं आहे असं आपण म्हणतो, पण ते असतं २८ दिवसांचं. वर्षाच्या ३६५ दिवसांत २८ दिवस तेरा वेळा बसतात. म्हणजे बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. दोन फोनचे ६०० धरले तर वर्षाचे ७,८०० झाले, महिन्याला ६५०. हा तेरावा रिचार्ज कुणाच्याच वहीत नसतो.

राहिलं बाहेरचं खाणं. पोरांना दहा-वीस रुपयांची कुरकुऱ्याची पुडी, बिस्किटं, कारभाऱ्यांचा चौकातला चहा आणि तंबाखूची पुडी. दिवसाला ३० रुपये धरा, महिन्याला ९००. हे काही तुमच्या-माझ्या घरचंच दुखणं नाही. सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत खेड्यातल्या माणसाचा सरासरी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातले साधारण ४७ टक्के खाण्यापिण्यावर. आणि खाण्यापिण्यात सगळ्यांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचा नाही, तर चहा-शीतपेयं, फरसाण, तयार खाऊ यांचा आहे. पोरांना काहीच देऊ नका असं मी म्हणत नाही. पण ९०० गुणिले १२ म्हणजे १०,८०० रुपये वर्षाला, हा आकडा एकदा वहीत लिहून घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

आता बेरीज करा. ४,२००, ९००, १,६००, ६००, ५००, ६००, ७००, ५००, ६५० आणि ९००. झाले ११,१५०. चौदा हजारांतून वजा केले की उरले २,८५०. बरेच दिसतात, नाही? इथंच बहुतेक घरं फसतात. २,८५० उरतायत म्हटल्यावर कुणीतरी म्हणतं, मग २,२०० चा हप्ता सहज बसेल, काढून टाकू कर्ज.

पण वर्षाचे खर्च अजून मोजलेलेच नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली की गणवेश, दप्तर, फी मिळून ५,०००. दिवाळीचे कपडे, फराळ आणि लेकीबाळींचं माहेरपण ६,०००. लग्नसराईत आठ लग्नं, ५०० चा आहेर, ४,०००. देवदर्शन, यात्रा आणि संक्रांत ३,०००. संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंग उडतात, आसारी-मांजाला पोरं पैसे मागणारच, ते त्यातच धरा. पावसाळ्याआधी पत्रे आणि मागाची डागडुजी ४,०००. घरपट्टी, पाणीपट्टी, विमा २,०००. एखादं मोठं आजारपण ६,०००. हे झाले ३० हजार. भागिले १२, म्हणजे महिन्याला २,५००.

२,८५० मधून २,५०० गेले. उरले ३५०.

या घराला हप्ता झेपतो तो ३५० चा. यांनी घेतला २,२०० चा, तर दर महिन्याला १,८५० कमी पडणार, वर्षाला २२,२००. मग तो खड्डा बुजवायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, दुसऱ्याला तिसऱ्याचं. लोक म्हणतात बाईला खर्च आवरता येत नाही. बाईने काही उधळलेलं नसतं. दिवाळी आणि शाळा महिन्याच्या हिशेबात धरलेली नव्हती, एवढंच झालेलं असतं.

मायक्रो फायनान्सवाले दारात येतात तेव्हा आपल्याला नियम माहीत पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून असा नियम केला आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आपल्या उदाहरणातल्या घराला ती मर्यादा ७,००० येते. म्हणजे कंपनीने २,२०० चा हप्ता बसवला तर नियमाने ती चुकलेली नाही. पण आपल्या वहीत काय आलं? ३५०. नियम कंपनीने किती द्यावं याचा आहे. आपण किती घ्यावं ते आपली वहीच सांगेल. आणखी दोन गोष्टी याच नियमांत आहेत. कर्जाचं कार्ड आपल्याला कळेल अशा भाषेत मिळालं पाहिजे, त्यावर वर्षाचा व्याजदर लिहिलेला पाहिजे. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही.

व्याजाचंही एकदा नीट समजून घ्या, कारण 'दोन टक्के' हा शब्द फार फसवा आहे. दहा हजारांचं कर्ज, दहा महिन्यांत फेडायचं. गटात आपण शिल्लक रकमेवर व्याज घेतो. पहिल्या महिन्याला दहा हजारांवर २००, मग नऊ हजारांवर १८०, मग १६०, असं उतरत शेवटी २०. सगळं मिळून १,१०० रुपये. तेच दोन टक्के कुणी पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लावले तर दर महिन्याला २००, एकूण २,०००. दर तोच सांगितला, पण ९०० रुपये जास्त गेले. म्हणून विचारायचं असतं, 'शिल्लकेवर की मुद्दलावर?' शिवाय गटाचे ते १,१०० गटातच राहतात, वर्षाअखेरीला आपल्याच वाट्याला येतात.

आता त्या २,५०० चं काय करायचं? रिकाम्या महिन्यात ते बाजूला निघणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून महिना धरायचाच नाही, आलेला पैसा धरायचा. चौदा हजारांत अडीच हजार, म्हणजे हजाराला साधारण १८०. साडीचे पैसे हातात आले की दर हजारामागे १८० आधी बाजूला, मग किराणा. दहा हजार आले तर १,८०० गेले. दोन हजार आले तर ३६०.

कांद्याच्या घराचं गणित वेगळं. समजा मे महिन्यात उन्हाळ कांद्याचे, गाडीभाडं-हमाली-तोलाई जाऊन, ९० हजार हातात आले. पुढचा पैसा लाल कांद्याचा, डिसेंबरात. आधी खरिपाचं बियाणं-खत २७ हजार वेगळं काढा. राहिले ६३ हजार, मे ते नोव्हेंबर सात महिने. महिन्याला ९ हजार. हीच आपली नोकरी आणि हाच पगार. मोटारसायकलचं शोरूम दिसायच्या आत हा भागाकार झालेला बरा.

आणि कांद्याचा भाव धरताना गेल्या दोन-तीन वर्षांतला पडलेला भाव धरा, चढलेला नको. आठवतंय ना, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क पुढे कमी होऊन १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. लासलगावचा भाव दिल्लीत ठरतो, आपल्या चुलीला ते विचारत नाहीत.

बाजूला काढलेला पैसा डब्यात टिकत नाही, हे जगभरच्या बायांना माहीत आहे. नायजेरियात योरुबा लोकांमध्ये 'अजो' म्हणून रीत आहे. बाजारात बसणाऱ्या बायका रोज ठरलेली रक्कम एका माणसाकडे देतात, महिनाअखेरीला तो परत देतो आणि एका दिवसाची रक्कम आपली मजुरी म्हणून ठेवून घेतो. म्हणजे बचत करायला त्या वर पैसे मोजतात! का? तर घरात ठेवले की कुणीतरी मागतं. आपल्या भिशीसारखंच आहे ते. आपल्याला तर गट आहे, बँकेत स्वतःच्या नावाचं खातं आहे. नेहमीच्या बचतीखेरीज 'दिवाळी-शाळा' अशी वेगळी ठेव गटात सुरू करता येते. जून आणि ऑक्टोबरात काढायची, मधे नाही, असा ठराव वहीत लिहून घ्या.

लाडक्या बहिणीचे १,५०० ज्यांना मिळतात त्यांनी ते किराण्यात मिसळू नयेत, असं माझं मत आहे. ते कधी येतील आणि किती दिवस येतील हे आपल्या हातात नाही. त्यावर हप्ता तर मुळीच बांधू नका. ते थेट वर्षाच्या खर्चाच्या ठेवीत टाकले तर १८ हजार होतात, ३० हजारांतला निम्म्याहून जास्त भार हलका होतो.

विम्याचं थोडक्यात. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत आयुष्याचा, असे दोन-दोन लाखांचे विमे आहेत. अपघाताचा ७० वर्षं वयापर्यंत घेता येतो, आयुष्याचा ५० पर्यंत. मे अखेरीला पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा, नाहीतर विमा बंद पडतो. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले योजनेत घराला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. दवाखान्यात भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. आधी पैसे भरून नंतर विचारलं तर हात चोळत बसायची वेळ येते.

वही एकटीने लिहू नका. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं, कारभारी आणि मोठी मुलं सोबत घेऊन. तंबाखूचे पैसे कारभाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहावेत. पहिले आठ दिवस कुरकुर होईल, होऊ द्या. दुकानात उधारी असेल तर दुकानदाराची वही आणि आपली वही महिन्याला एकदा समोरासमोर ताडून बघा. तारीख, वस्तू, रक्कम, तिन्ही लिहिलेलं असलं की वाद होत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली कर्जाची सगळी कार्डं घेऊन या, गटाची, बँकेची आणि कंपन्यांची. हप्त्यांची बेरीज तिथंच करू. पुढच्या वेळी रेडिओवर गटाचं कर्जाचं रजिस्टर कसं वाचायचं ते सांगेन. रामराम.