पाचटातले नत्र

ऊसतोड आटोपली, मोळ्या कारखान्याकडे गेल्या, की पश्चिम महाराष्ट्रातील शिवारांत संध्याकाळी आगीचे पट्टे दिसू लागतात. फडात पसरलेले पाचट पेटविले जाते आणि तासाभरात रान मोकळे होते. खोडव्याला पाणी देणे सोपे जाते, उंदरांचा उपद्रव कमी होतो, मजुरी वाचते. शेतकऱ्याचा हा हिशेब अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु तो समजून घेतल्याखेरीज पाचट जळणे थांबणार नाही.

एका हेक्टरातील उसातून साधारणतः ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ४० ते ५० किलो असते. युरियात नत्राचे प्रमाण ४६ टक्के. तेव्हा ४५ किलोंच्या गोणीत ते जेमतेम २१ किलो भरते. काडी ओढताच सुमारे दोन गोण्यांचे नत्र धुरावाटे जाते. राखेत पालाश व स्फुरद बऱ्याच अंशी उरते. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र जवळजवळ सारेच नाहीसे होते.

मग पाचट राखले का जात नाही? कारण ते नुसतेच मातीआड केले, तर खोडवा पिवळा पडतो, वाढ खुंटते. एकदा हे पाहिलेला शेतकरी पुढल्या वर्षी काडेपेटी घेऊनच फडात जातो. त्याचे निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. पाचट कुजविणाऱ्या जिवाणूंना आपले शरीर घडविताना कर्बाच्या साधारण आठ भागांमागे नत्राचा एक भाग लागतो. श्वसनात खर्ची पडणारा कर्ब धरला, तरी पंचवीस-तीस भागांमागे एक भाग नत्र हवेच. पाचटात हे प्रमाण ऐंशीस एक किंवा त्याहूनही विषम असते. उरलेली तूट जिवाणू मातीतून भरून काढतात आणि पीक उपाशी राहते. पुढे कर्ब सरतो, जिवाणू मरतात आणि उसने नेलेले नत्र मातीत परत येते. पण तोवर खोडव्याचे कोवळे दिवस निघून गेलेले असतात.

यावरचा उपाय कृषिशास्त्रज्ञांनी केव्हाच सांगितला आहे. पाचट सरीत दाबावे आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू टाकून ओल राखावी. जिवाणूंची भूक अशी आधीच भागविली, की पिकाचा घास हिरावला जात नाही.

सेंद्रिय की रासायनिक, हा वाद येथे फोल ठरतो. चुनखडीयुक्त काळ्या रानात वरून फेकलेल्या युरियातील नत्राचा काही भाग अमोनियारूपाने हवेत उडतो. पाटपाण्याच्या अतिरेकाने नायट्रेट खोल झिरपते. दिलेल्या नत्रापैकी पिकाला बहुधा निम्मेही मिळत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या प्रयोगात रासायनिक खतांनीही गव्हाचे उत्पन्न चांगले येते असे दिसले. मात्र मातीतील नत्राचा साठा दुपटीवर गेला तो शेणखत घातलेल्या वाफ्यात. खत पीक पोसते. साठा राखायचा, तर सेंद्रिय पदार्थ मातीत परत गेले पाहिजेत.

आता प्रश्न उरतो तो श्रमांचा. पाचट सरीत लावण्याची मजुरी आज पडते आणि त्याचा लाभ सावकाश मिळतो. तोडीची तारीख कळविणाऱ्या कारखान्यांच्या शेती खात्यांनी म्हणूनच पाचटाचा हिशेबही बांधावर नेला पाहिजे, आणि कुट्टी यंत्रही. नुसत्या उपदेशाने आगपेटी खाली ठेवली जात नाही.