थंडरबोल्टचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करतांना जुना दगड किती ठेवावा आणि नवा किती बसवावा, हा वाद आपल्याकडे नवा नाहीं. अमेरिकेंत शर्यतीच्या जुन्या मोटारींविषयीं हाच वाद चालतो. त्यांतील एका गाडीची हकीकत आम्हांस मोठी मनोवेधक वाटली. ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

फोर्ड कंपनीनें १९६४ सालीं ‘फेअरलेन थंडरबोल्ट’ या नांवाच्या अवघ्या १०० गाड्या काढल्या. थंडरबोल्ट म्हणजे वज्र. नांव असें भीषण. रूप मात्र एखाद्या सद्गृहस्थानें मुलाबाळांस फिरावयास न्यावें असें. काम एकच : ‘ड्रॅग’ शर्यत. हींत वळणें नाहींत, फेऱ्या नाहींत. सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैलाचें अंतर. हिरवा दिवा लागला कीं सुटावयाचें. हें अंतर थंडरबोल्ट बारा सेकंदांच्या आंत तोडीत असे. गॅस रोंडा यानें १९६४ सालचें आपल्या वर्गाचें अजिंक्यपद हिच्याच बळावर मिळविलें.

मध्यम आकाराच्या गाडींत सात लिटरचें प्रचंड यंत्र कोंबलेलें. कागदोपत्रीं त्याची शक्ति ४२५ अश्वांची. जाणते लोक ती पुष्कळ अधिक मानतात. वजन घटविण्यासाठीं बॉनेट, दारें व पुढचीं मडगार्डें फायबरग्लासचीं केलीं. रेडिओ गेला, हात टेकावयाची सोय गेली, उजव्या बाजूचा वायपरही गेला. पुढच्या चार दिव्यांपैकीं आंतले दोन काढून तेथें जाळी बसविली व यंत्राला थंड हवा पुरविली. एवढी काटकसर करून मागच्या डिकींत, उजव्या अंगास, एक अवजड बॅटरी मुद्दाम ठेवली! कारण असें कीं, एकदम सुटतांना यंत्राच्या पिळानें मागचें उजवें चाक उचललें जाऊं पाहतें. त्यास दाबून धरणारें कांहीं तरी हवें.

आणखी एक गंमत. बैठकीपुढच्या लहान कप्प्याच्या झांकणावर कंपनीनेंच एक पाटी लाविली होती. ही गाडी शर्यतीसाठीं हलकी केलेली असल्यामुळें तिच्या भागांची जुळणी व बाह्य सफाई नेहमींच्या दर्जाची नाहीं, असा तींत सरळ कबुलीजबाब आहे.

आतां जीर्णोद्धार करणाऱ्याची पंचाईत पहा. हौशी कारागीर दारें काटेकोर जुळवितो, रंगावर आरशासारखी झिलई आणतो, आणि पाटीनें कबूल केलेल्या उणिवा पुसून टाकतो. गाडी देखणी होते, पण १९६४ सालची राहत नाहीं. आम्हांस हें रुचत नाहीं.

उलट, तिला पुन्हा शर्यतींत उतरविणाऱ्याचीही वाट सोपी नाहीं. ठराविक वेळेहून चपळ गाडींत चालकाच्या रक्षणार्थ पोलादी कमान बसविण्याचा आजचा नियम आहे. म्हणजे जुन्या तळाला नवीं भोकें पाडणें आलें, आणि मोठ्या कष्टानें घटविलेलें वजन पुन्हा वाढविणें आलें. आजचे टायर रस्ता अधिक घट्ट धरतात. त्यामुळें तो सारा ताण जुन्या आंसावर व दांतेचक्रांवर येतो. मूळचें यंत्र फुटलें तर तसें दुसरें सहजासहजीं मिळावयाचें नाहीं. म्हणून कित्येक मालक मूळ यंत्र काढून घरीं जपून ठेवतात आणि दुसरें बसवून शर्यतीस जातात.