मॅप म्हणतो ‘टेक द थर्ड एक्झिट’, पण लेन कोणती? राउंडअबाउटवर योग्य लेन कशी निवडायची

गूगल मॅप्स लावून बाईक किंवा कार चालवत असाल तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: ‘अ‍ॅट द राउंडअबाउट, टेक द थर्ड एक्झिट.’ मोबाईलने किती नंबरच्या रस्त्याने बाहेर पडायचं ते सांगितलं. पण सर्कलमध्ये शिरताना डाव्या लेनमध्ये असायचं की उजव्या, हे बहुतेक वेळा तो सांगत नाही. आणि नेमकी तिथेच गडबड होते. कुणी उजवीकडून एकदम डावीकडे घुसतो, कुणी मधेच ब्रेक मारतो, आणि मागचा बाईकवाला आपटतो.

आज आपण बघू की मॅप हे एक्झिट मोजतो कसे, आणि त्यावरून आपली लेन आपणच कशी ठरवायची.

राउंडअबाउट म्हणजे नक्की काय?

मधे गोल बेट आणि त्याभोवती एकाच दिशेने फिरणारी वाहतूक, म्हणजे राउंडअबाउट. आपण याला सरळ ‘सर्कल’ म्हणतो. माटुंग्याचं किंग्ज सर्कल, म्हणजे महेश्वरी उद्यान, मुंबईकरांना माहीत आहेच. चंदीगड आणि नवी दिल्ली ही शहरं तर अशा सर्कलसाठीच ओळखली जातात.

भारतात आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे सर्कलमध्ये कायम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायचं. मधलं बेट नेहमी आपल्या उजव्या हाताला राहिलं पाहिजे.

साध्या चौकापेक्षा सर्कल सुरक्षित का मानतात? चार रस्त्यांच्या साध्या चौकात दोन गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात किंवा मिळतात अशा ३२ जागा असतात. एका लेनच्या सर्कलमध्ये त्या फक्त ८ उरतात. शिवाय सगळे एकाच दिशेने फिरत असल्यामुळे समोरासमोर धडक जवळपास होतच नाही. पण लेन दोन झाल्या की धोक्याच्या जागा पुन्हा वाढतात, कारण आता आतल्या लेनमधून बाहेर पडणारी गाडी बाहेरच्या लेनला ओलांडून जाते. म्हणूनच लेन निवडणं इतकं महत्त्वाचं आहे.

मॅप एक्झिट कसे मोजतो?

तुम्ही सर्कलमध्ये शिरलात की तिथून घड्याळाच्या दिशेने जाताना, ज्या ज्या रस्त्याने गाडी बाहेर पडू शकते तो प्रत्येक रस्ता म्हणजे एक एक्झिट. जो रस्ता वन-वे आहे आणि फक्त सर्कलमध्ये येण्यासाठी आहे, तो मोजणीत येत नाही.

आता यातली गंमत बघा. ‘थर्ड एक्झिट’ हा फक्त नंबर आहे, दिशा नाही.

- चार रस्त्यांच्या सर्कलमध्ये पहिला एक्झिट डावीकडे, दुसरा सरळ, तिसरा उजवीकडे आणि चौथा म्हणजे यू-टर्न.
- सारख्या अंतरावर सहा रस्ते असतील तर तिसरा एक्झिट सरळ समोर येतो.
- तीनच रस्ते असतील आणि समोर रस्ताच नसेल, तर दुसरा एक्झिटच उजवीकडे असतो.
- डावीकडचा रस्ता फक्त आत येण्यासाठी वन-वे असेल, तर सरळ जाणारा रस्ताच ‘फर्स्ट एक्झिट’ होतो.

म्हणजे ‘पहिला एक्झिट तर डावी लेन, तिसरा तर उजवी’ असं पाठ केलं की एखाद्या सर्कलवर हमखास फसायला होतं. लेन नंबरवरून ठरवायची नसते, दिशेवरून ठरवायची असते.

घड्याळाची सोपी ट्रिक

सर्कल म्हणजे एक मोठं घड्याळ आहे असं समजा. तुम्ही कायम खालून, म्हणजे ६ च्या आकड्यावरून आत शिरताय. आपल्याकडे सर्कलमधली गाडी काट्यांच्याच दिशेने फिरते, त्यामुळे हिशेब एकदम सरळ बसतो: आधी ९ येतात, मग १२, मग ३, आणि पुन्हा ६.

- बाहेरचा रस्ता ९ च्या आसपास, म्हणजे डावीकडे: डावी लेन. सर्कलच्या आधीपासूनच डावा इंडिकेटर.
- रस्ता १२ च्या आसपास, म्हणजे सरळ: साधारणपणे डावी लेन. शिरताना इंडिकेटर नको.
- रस्ता १२ च्या पुढे, म्हणजे ३ च्या बाजूला किंवा यू-टर्नसाठी परत ६ ला: उजवी लेन. शिरताना उजवा इंडिकेटर.

बाहेर पडतानाचा नियम तिन्ही वेळी एकच: तुमच्या आधीचा एक्झिट मागे पडला की डावा इंडिकेटर द्या, आरशात बघा, डाव्या खांद्यावरून एक नजर टाका आणि मग बाहेर पडा. पहिल्याच एक्झिटने जायचं असेल तर डावा इंडिकेटर आधीपासून चालू असतोच.

एक अपवाद लक्षात ठेवा. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील किंवा बोर्डवर लेन दाखवलेल्या असतील, तर ही ट्रिक बाजूला ठेवा आणि बाण पाळा. काही ठिकाणी सरळ जाण्यासाठी दोन्ही लेन दिलेल्या असतात, काही ठिकाणी डावी लेन फक्त डावीकडे वळणाऱ्यांसाठी असते. सर्कलला सिग्नल असेल तर अर्थातच सिग्नल आधी.

आणि पट्टे पुसलेले असतील तर? तरीही हिशेब तोच. रस्त्याचा डावा अर्धा भाग म्हणजे डावी लेन, उजवा अर्धा म्हणजे उजवी.

मोबाईल लेन का सांगत नाही?

याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण जीपीएस. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं लोकेशन साधारण ५ मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शकतं. उंच बिल्डिंग किंवा फ्लायओव्हरखाली ते आणखी चुकतं. आता आपल्याकडे एका लेनची प्रमाण रुंदी ३.५ मीटर आहे. म्हणजे तुम्ही डाव्या लेनमध्ये आहात की उजव्या, हे फक्त जीपीएसवरून फोनला खात्रीने कळतच नाही. त्यात बहुतेक फोन लोकेशन सेकंदाला साधारण एकदाच अपडेट करतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १० मीटर पुढे जाते. सर्कलमध्ये १० मीटर म्हणजे एखादा एक्झिट मागे पडला सुद्धा!

दुसरं कारण नकाशातली माहिती. कुठल्या लेनमधून कुठे जाता येतं हे नकाशात आधी भरलेलं असेल तरच अ‍ॅप लेनचे छोटे बाण दाखवतं. जिथे ते भरलेलं नाही, तिथे फक्त एक्झिटचा नंबर ऐकू येतो.

म्हणून सर्कलमध्ये शिरल्यावर स्क्रीनकडे बघून लेन ठरवू, असं म्हणणं म्हणजे परीक्षेला बसल्यावर पुस्तक उघडण्यासारखं आहे.

मग मोबाईलचा उपयोग कसा करायचा?

१. निघण्याआधी स्टेप्स बघा. रूट लावल्यावर वळणांची यादी उघडा. त्यात राउंडअबाउट कुठे आहे आणि कितवा एक्झिट आहे ते दिसतं. अनोळखी सर्कल असेल तर झूम करून एकदा रस्ते मोजून घ्या.

२. नंबर ऐका, पण बाण बघा. नेव्हिगेशन चालू असताना वरच्या पट्टीत गोल बाणाचं चिन्ह येतं. त्यात तुमची एंट्री खालून असते, म्हणजे आपलं ६ वाजलेलं घड्याळच. बाणाचं टोक डावीकडे, वर की उजवीकडे, एवढं एका नजरेत बघितलं की लेन ठरली. ही नजर सर्कलच्या बऱ्याच आधी, रस्ता मोकळा असताना टाकायची.

३. आवाज चालू ठेवा आणि फोन माउंटवर लावा. गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो, असा केंद्रीय मोटार वाहन नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. मांडीवर किंवा हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन यात बसत नाही.

४. ‘टर्न राइट’ ऐकलं तरी बेटाला वळसा घाला. काही लहान सर्कल नकाशात राउंडअबाउट म्हणून नोंदलेलीच नसतात. तिथे अ‍ॅप नुसतं ‘टर्न राइट’ म्हणतं. म्हणून बेटाच्या उजव्या अंगाने शॉर्टकट मारू नका, ती सरळ सरळ राँग साइड आहे.

आधी कोण जाणार?

सर्कलमध्ये जो आधीपासून फिरतोय, त्याला आधी जाऊ द्यायचं. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सनुसारही आतल्या वाहनांना प्राधान्य आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा: शिरण्यापूर्वी वेग कमी करा, उजवीकडे बघा, जागा दिसली तरच आत जा.

यामागे साधं गणित आहे. बाहेरचे आत घुसत राहिले तर आतल्यांना बाहेर पडायला जागाच मिळत नाही आणि अख्खं सर्कल लॉक होतं. ब्रिटनमध्येही पूर्वी हेच व्हायचं. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिथे आतल्या वाहनांना प्राधान्य देण्याचा नियम आला आणि आजचं राउंडअबाउट खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं. ब्रिटनमध्येही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी मित्रांनाही वरची घड्याळाची ट्रिक जशीच्या तशी चालेल. अमेरिकेत किंवा युरोपातल्या बाकीच्या बहुतेक देशांत मात्र वाहतूक उजवीकडून असते, तिथे सगळं उलटं धरायचं.

बाईकवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी

आपल्याकडे बाईक आणि स्कूटरवाल्यांची एक सवय आहे: जायचं उजवीकडे असलं तरी सर्कलची डावी कड धरून पूर्ण चक्कर मारायची. ‘कडेने गेलं की सेफ’ असं वाटतं. पण मधल्या प्रत्येक एक्झिटवर तुम्ही बाहेर पडणाऱ्या कारच्या किंवा बसच्या नेमके आडवे येता. ड्रायव्हरला वाटतं, हा डाव्या कडेला आहे म्हणजे इथेच बाहेर पडणार. तो वळतो आणि तुम्ही सरळ जाता.

दुसरी गोष्ट, बस आणि ट्रकची मागची चाकं वळताना पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. सर्कलमध्ये फिरताना ती बेटाकडे सरकतात आणि बाहेर पडताना डावीकडे. म्हणजे मोठ्या गाडीच्या बाजूला चिकटून सर्कलमध्ये फिरायला कुठलीच जागा सुरक्षित नाही. तिच्या मागे राहा, पाच सेकंदांनी काही बिघडत नाही.

एक्झिट चुकला तर?

काहीच करू नका, अजून एक चक्कर मारा! सर्कलचा हाच मोठा फायदा आहे. चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर आरसा आणि इंडिकेटर वापरून हळूहळू लेन बदला आणि पुढच्या फेरीत बाहेर पडा. तेही जमत नसेल तर तुमच्या लेनमधून जो रस्ता मिळेल त्याने बाहेर जा, मॅप आपोआप नवीन रूट काढेल. सर्कलमध्ये थांबणं, रिव्हर्स घेणं किंवा दोन लेन ओलांडून झटक्यात बाहेर पडणं, हे तीन प्रकार कधीच करू नका. आणि बाहेर पडताना एक्झिटच्या तोंडाशी रस्ता ओलांडणारी माणसं असतात, तिकडे लक्ष असू द्या.

थोडक्यात काय, एक्झिट मोबाईल मोजेल, पण लेन तुम्हालाच निवडायची आहे, आणि तीही सर्कल यायच्या आधी. १२ पर्यंत डावी, १२ च्या पुढे उजवी. नुकतंच लायसन्स काढलेल्या तुमच्या मित्राला किंवा बहिणीला हे नक्की सांगा, आणि पुढच्या वेळी मॅपने ‘टेक द थर्ड एक्झिट’ म्हटलं की आधी मनातल्या घड्याळात बघा, किती वाजलेत ते!