नेमबाजीच्या रेंजवर जाताना

नेमबाजीच्या रेंजची मांडणी साधी असते. एका टोकाला फायरिंग लाइन, समोर ठरावीक अंतरावर टार्गेटची रांग आणि तिच्यामागे गोळी अडवणारी भिंत किंवा मातीचा उंच बांध. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आहे, कोल्हापुरात दुधाळीला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले; नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत याही त्याच जिल्ह्याच्या. या खेळाकडे वळणाऱ्या मुलांसोबत पालकही रेंजवर येतात, आणि तिथले नियम नेमबाजाइतकेच त्यांनाही लागू असतात.

10 मीटरच्या रेंजवर एअर रायफल आणि एअर पिस्तूल चालते. त्यांतून दाबलेल्या हवेच्या जोरावर 4.5 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. 25 आणि 50 मीटरवर पॉइंट टू-टू, म्हणजे 5.6 मिलिमीटरची काडतुसे वापरली जातात. या बंदुकांना 1959 चा शस्त्र कायदा आणि परवान्याच्या अटी लागू होतात, म्हणून नवा माणूस बहुधा 10 मीटरवरच सुरुवात करतो. एअर रायफल हे मात्र खेळणे नव्हे. तिचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो. पॉइंट टू-टूची गोळी तर मोकळ्या जागेत दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. मागच्या भिंतीवर किंवा बांधावर सारी भिस्त आहे ती यासाठीच. नळी त्या दिशेला असेल तरच त्यांचा उपयोग.

म्हणून पहिला नियम नळीचा. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजायचे, ती रिकामी असल्याचे नुकतेच पाहिले असले तरी. नळी कायम टार्गेटच्या दिशेला ठेवायची. मित्राने मागून हाक मारली की नवखा नेमबाज हातातल्या बंदुकीसकट वळतो, आणि ती नळी रांगेतल्या चार-पाच जणांवरून फिरते. रेंजवर सर्वांत कडक बोलणी बसतात ती याच चुकीला, आणि ती बसायलाच हवीत. कोणाशी बोलायचे असेल तर बंदूक रिकामी करून टेबलावर ठेवावी आणि मगच वळावे. दुसरा नियम बोटाचा. नेम धरून होईपर्यंत तर्जनी चापावर जात नाही. ती चापाच्या बाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ टेकलेली असते. दचकल्यावर किंवा तोल गेल्यावर माणसाची मूठ आपोआप आवळते. बोट बाहेर असले तर चाप ओढला जात नाही.

रेंजवर शब्द चालतो तो रेंज ऑफिसरचा. ‘लोड’ म्हटल्याशिवाय बंदूक भरायची नाही, ‘स्टार्ट’ म्हटल्याशिवाय झाडायची नाही. ‘स्टॉप’ ऐकू आले की नेम अगदी जमून आला असला तरी बोट चापावरून काढायचे. धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडण्याचा हक्क मात्र तिथल्या प्रत्येकाला आहे, पहिल्याच दिवशी आलेल्या पाहुण्यालाही. ‘अनलोड’नंतर बंदुकीत भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घातला जातो. एअर रायफलमध्ये हा फ्लॅग म्हणजे प्लॅस्टिकची दोरी असते; ती नळीच्या पूर्ण लांबीतून जाऊन पुढच्या तोंडाबाहेर दिसते, त्यामुळे आत छर्रा नाही हे लांबूनही कळते. कागदी टार्गेट बदलायला माणसे पुढे गेलेली असताना बंदुकांना कोणीही हात लावत नाही. सगळे लाइनच्या मागे उभे राहतात. एरवी निरुपद्रवी वाटणारी साफसफाई किंवा दुर्बीण नीट लावणेसुद्धा त्या वेळी वर्ज्य असते. चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे आणि रेंज ऑफिसरला बोलवायचे. काडतूस उशिरा उडू शकते, त्यामुळे बंदूक लगेच उघडून पाहणे धोक्याचे असते. रिकाम्या बंदुकीने चाप ओढण्याचा सराव, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, तोही परवानगीने आणि लाइनवरच करायचा.

याखेरीज काही रीती आहेत, आणि त्या खेळाच्या स्वरूपातून आल्या आहेत. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एवढ्याशा ठिपक्यावर श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसाच्या मागे फोनवर बोलणे किंवा खुर्ची ओढणे हा त्याच्या मेहनतीचा अपमान आहे. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत आता संगीत आणि टाळ्या असतात. सरावाच्या रेंजवर मात्र आवाज खालीच ठेवावा. दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात लावू नये. तिचा दस्ता, गालपट्टी, चापाचे वजन हे सारे त्या नेमबाजाच्या अंगाला जुळवलेले असते आणि ते बसायला कित्येक आठवडे गेलेले असतात. न मागता सल्ला देणे टाळावे, पालकांनी तर विशेषकरून; लाइनवर मुलाशी बोलायचे ते प्रशिक्षकाने. आपला नेम चुकून शेजारच्या टार्गेटवर लागला, तर लगेच सांगून टाकावे. स्पर्धेत असा नेम मारणाऱ्याचा शून्य धरला जातो, पण लपवला तर शेजाऱ्याच्या गुणांचा घोळ होतो. फोटो काढायचे असतील तर परवानगी घ्यावी आणि फायरिंग लाइनच्या पुढे पाऊल टाकू नये.

पोशाखाचेही कारण आहे. पॉइंट टू-टूची रिकामी पुंगळी तापलेली बाहेर पडते आणि मोठ्या गळ्याच्या कपड्यात शिरली तर चटका बसतो. दचकून बंदूक हलते, आणि खरा धोका तो असतो. बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा. काडतुसाच्या रेंजवर कानात बोळे किंवा कानांवर इअरमफ आवश्यकच. पॉइंट टू-टूचा आवाज 140 डेसिबलच्या आसपास जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. दारू किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेल्याने लाइनवर येऊच नये.

शिशाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. छर्रे हाताळताना शिसे बोटांना लागते, आणि काडतूस उडताना त्याची बारीक धूळ हवेत पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा वाईट परिणाम होतो. त्यामुळे लाइनवर खाणेपिणे नको आणि छर्रे ओठांत धरण्याची सवय तर मुळीच नको. निघताना हात आणि तोंड साबणाने धुवावे, बंद खोलीतल्या रेंजवर वापरलेले कपडे घरी वेगळे धुवावेत, आणि उरलेले छर्रे खिशात सुटे न ठेवता डबीत बंद करून मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.