मैदान आधी, लेन्स नंतर
कमी बजेटमध्ये टेलिफोटो घेण्याआधी दूर करावेत असे आठ गैरसमज

पिंपरी-चिंचवडची ओळख कारखान्यांची नगरी अशी असली, तरी खेळांचे फोटो काढणाऱ्याला इथे वर्षभर काम आहे. नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी मैदानावर डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची आणि मार्च २०२४ मध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत ऋतुराज गायकवाड घडला. भोसरीत कबड्डी आणि कुस्ती घराघरांत आहे. यात्रांचा हंगाम सुरू झाला की चाकण-खेड भागातले बैलगाड्यांचे घाट गर्दीने फुलतात. शिवाय सुट्टीच्या दिवशी कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धा असतातच.

या मैदानांवर कॅमेरा घेऊन येणारे बहुतेक जण हौशी असतात. कोणी शिफ्ट संपवून आलेला ऑपरेटर, कोणी डिप्लोमाचा विद्यार्थी, कोणी खेळाडू मुलीचे वडील. लेन्स घेणे म्हणजे त्यांच्यासाठी कित्येक महिन्यांची बचत असते. ती बचत ऐकीव सल्ल्यावर खर्च होताना पाहिली की वाईट वाटते. खेळ कोणता, उभे कुठे राहणार आणि तिथे उजेड किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय लेन्सचा आकडा ठरवू नये. खालचे बहुतेक गैरसमज हा क्रम उलटा केल्यामुळेच तयार झाले आहेत.

गैरसमज १ : जितके जास्त मि.मी., तितकी लेन्स चांगली.

वस्तुस्थिती : किती मि.मी. हवेत, हे खेळाडू आणि तुम्ही यांच्यातले अंतर ठरवते. त्यासाठी सोपा हिशेब आहे. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आडवा धरला असेल, तर खेळाडूपर्यंतचे अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला १६ ने गुणा आणि लेन्सच्या मि.मी.ने भागा. चौकटीत किती मीटर उंचीचे दृश्य मावेल, ते कळते. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर १६ ऐवजी २४ ने गुणा.

हॉकीत गोलजाळीच्या बाजूला, मागच्या रेषेबाहेर बसलात तर बरीचशी झटापट १० ते ३० मीटरवर घडते. ३० मीटरवर २०० मि.मी. लेन्स लावली तर १६ × ३० ÷ २०० म्हणजे २.४ मीटर. खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत छान बसतो. तिथे ६०० मि.मी. लावली तर चौकट ०.८ मीटरची होईल आणि स्टिक किंवा चेंडू बाहेर राहील. क्रिकेटमध्ये मात्र सीमारेषेबाहेरून फलंदाज ७० मीटरवर असतो. तिथे ४०० मि.मी.ने २.८ मीटरची चौकट मिळते, २५० मि.मी.ने साधारण ४.५ मीटरची. म्हणजे क्रिकेटला लांब लेन्स खरोखरच लागते, हॉकीला तेवढी नाही.

कबड्डीचे गणित तर पूर्ण वेगळे आहे. पुरुषांचे मैदान १३ × १० मीटरचे. चढाई करणारा आठ मीटरवर असेल आणि कॅमेरा उभा धरला असेल, तर साध्या ८५ मि.मी. लेन्समध्ये तो पूर्ण मावतो. मॅटच्या कडेला बसायला मिळत असेल, तर कबड्डीसाठी मोठी झूम घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गैरसमज २ : ७०-३०० घेतली की सगळे खेळ होतात.

वस्तुस्थिती : उन्हातले सगळे खेळ होतात, हे खरे. आणि हे फार मोठे सत्य आहे, कारण महागडी लेन्स नाही म्हणून अनेक जण उगाच मागे राहतात. लख्ख उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ ४०० वर १/२००० किंवा त्याहून जलद शटर आरामात मिळतो. घाटात सुटलेली बैलजोडी, उडालेली धूळ, धावपटूचा शेवटचा टप्पा हे सगळे त्यात गोठते. कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० डीएक्स यांसारख्या हलक्या, स्वस्त लेन्स दिवसा उत्तम काम देतात. वापरलेल्या घेतल्या तर आणखी स्वस्त पडतात.

अडचण येते ती संध्याकाळनंतर आणि बंदिस्त हॉलमध्ये. लेन्सवर ४.५-५.६ किंवा ४.५-६.३ असे दोन आकडे छापलेले असतात. झूम लांबवली की दुसरा आकडा लागू होतो, म्हणजे प्रकाशाची वाट अरुंद होते. एफ/२.८ च्या तुलनेत एफ/५.६ वर फक्त एक चतुर्थांश प्रकाश आत येतो. समजा, हॉलमध्ये एफ/२.८ वर १/१००० शटरसाठी आयएसओ ३२०० लागतो. तिथेच एफ/५.६ वर आयएसओ १२८०० करावा लागेल आणि फोटोत दाणे उठतील. आयएसओ वाढवायचा नसेल तर शटर १/२५० वर आणावा लागेल, आणि मग पकड करणाऱ्याचे हात पुसट होतील.

इथे ८५ मि.मी. एफ/१.८ लेन्सची खरी किंमत कळते. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश घेते, वजनाला अर्ध्या किलोच्या आत असते आणि ७०-२०० एफ/२.८ च्या किमतीच्या लहानशा भागात येते. कबड्डी, कुस्ती, बॅडमिंटन, बॉक्सिंग अशा जवळून दिसणाऱ्या खेळांसाठी कमी बजेटमधली ही पहिली निवड.

गैरसमज ३ : स्टॅबिलायझेशन असले की धावणारा खेळाडू स्पष्ट येतो.

वस्तुस्थिती : आयएस, व्हीआर, व्हीसी ही नावे कंपन्यांप्रमाणे बदलतात, काम एकच. ही यंत्रणा तुमच्या हाताचा कंप भरून काढते. खेळाडूची हालचाल ती थांबवू शकत नाही. ते काम फक्त शटरचे. कुस्तीला साधारण १/५००, हॉकी-कबड्डीला १/१००० च्या आसपास शटर ठेवलात, तर २०० मि.मी. लेन्स हातात धरूनही कंपाचा त्रास क्वचितच होतो.

बजेट कमी असेल त्याने ही गोष्ट गाठीशी बांधावी, कारण इथे पैसे वाचतात. कॅननची १९९५ मधली स्टॅबिलायझेशन नसलेली ७०-२०० एफ/२.८ वापरलेल्या बाजारात नव्या आवृत्त्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते आणि खेळांसाठी आजही कामाची आहे. स्टॅबिलायझेशनला जादा पैसे मोजण्यापेक्षा मोठे ॲपर्चर घ्या.

गैरसमज ४ : क्रॉप कॅमेऱ्यावर २०० ची लेन्स ३०० ची होते.

वस्तुस्थिती : लेन्स २०० चीच राहते. लहान सेन्सर तिच्या चित्राचा मधला भाग तेवढा वापरतो, म्हणून दृश्य ३०० मि.मी.इतके अरुंद दिसते. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यांत हे प्रमाण १.६ पट, निकॉन-सोनीत १.५ पट. एफ/२.८ चा शटरवरचा फायदा मात्र तसाच मिळतो. त्यामुळे कमी बजेटमध्ये खेळांचे फोटो काढणाऱ्याने क्रॉप कॅमेऱ्याला कमी लेखू नये. फुल फ्रेमच्या मोहात बॉडीवर सगळे पैसे संपवून किटची लेन्स लावून बसणाऱ्यापेक्षा, जुनी क्रॉप बॉडी आणि चांगली लेन्स घेणारा मैदानावर पुढे राहतो.

गैरसमज ५ : टेलिकन्व्हर्टर लावला की स्वस्तात लांब लेन्स तयार.

वस्तुस्थिती : १.४ पटीचा कन्व्हर्टर प्रकाश निम्मा करतो, २ पटीचा एक चतुर्थांशावर आणतो. ७०-२०० एफ/२.८ ला २ पटीचा लावला तर १४०-४०० एफ/५.६ मिळते, फोकस मंदावतो आणि बारकावे थोडे मऊ पडतात. दुपारच्या क्रिकेटला हे चालून जाते. पण ७०-३०० एफ/५.६ ला २ पटीचा लावला तर एफ/११ होते आणि बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो. स्वस्त झूमला कन्व्हर्टर जोडण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याची गरज नेहमीचीच असेल, तर वापरलेली निकॉन २००-५०० एफ/५.६ किंवा सिग्मा-टॅमरॉनची १५०-६०० पाहावी. निकॉनच्या त्या लेन्सचे वजन २.३ किलो आहे, त्यामुळे मोनोपॉडचा खर्च हिशेबात धरा.

आणखी एक. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते. शंभर मीटरवरून ६०० मि.मी.ने काढलेला फोटो मऊ आला, तर दोष लेन्सचा असेलच असे नाही. सकाळी लवकर काढा किंवा जवळ जा. मात्र घाटात जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. गाडा सुटल्यावर धावपट्टीत किंवा निशाणाच्या पुढे उभे राहणे जिवावर बेतू शकते. कठड्याबाहेरची जागाच तुमची.

गैरसमज ६ : माउंट जुळला की लेन्स चालते.

वस्तुस्थिती : जुन्या लेन्सच्या खरेदीत सर्वांत जास्त फसगत इथे होते. निकॉनच्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत ती नाही. म्हणजे स्वस्तात मिळालेली ८०-२०० एफ/२.८ डी लेन्स त्यांवर बसेल, उजेडही मोजेल, पण फोकस हाताने करावा लागेल. धावत्या खेळात ते अवघडच. निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यांवर एफटीझेड ॲडॉप्टर लावूनही एएफ-डी लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. उलट बाजूने, निकॉनच्या नव्या ‘एएफ-पी’ लेन्स डी९०, डी७००० सारख्या जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. कॅननमध्ये ही भानगड कमी. ईएफ लेन्स कॅननच्याच ॲडॉप्टरने आर मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह व्यवस्थित चालतात. पैसे देण्याआधी स्वतःची बॉडी नेऊन लेन्स लावून पाहणे, हाच खात्रीचा मार्ग.

गैरसमज ७ : वापरलेली लेन्स म्हणजे जुगार.

वस्तुस्थिती : नीट तपासून घेतली तर कमी बजेटवाल्यासाठी तोच शहाणपणाचा व्यवहार आहे. कॅमेऱ्याची बॉडी पाच-सात वर्षांत जुनी वाटू लागते. चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षेही काम देते. तपासणीला दहा मिनिटे पुरतात.

लेन्सची दोन्ही झाकणे काढा. मोबाईलचा टॉर्च एका टोकाकडून तिरका मारा आणि दुसऱ्या टोकाकडून आत पाहा. धुळीचे चार कण दिसले तर काळजी नको, फोटोत ते उतरत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. सगळीकडे दुधी पडदा दिसला तर आतल्या काचा धूसर झाल्या आहेत. या दोन्ही प्रकारांत लेन्स परत करा, भाव कितीही उतरला तरी. मग कॅमेऱ्याला लावून झूमच्या दोन्ही टोकांना, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. रस्त्यावरून येणाऱ्या दुचाकीवर सलग फोकस धरून वीस-पंचवीस फोटो घ्या. फोकस अडखळतो का, मोटर कुरकुरते का, ते लगेच कळते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल, माउंटच्या स्क्रूवर खरवडल्याच्या खुणा, बिलावरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर हेही पाहून घ्या.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हा लेन्सचा मोठा शत्रू. जूननंतर लेन्स कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे.

गैरसमज ८ : फोटो काळे-पिवळे आले, म्हणजे लेन्स हलकी.

वस्तुस्थिती : हॉलमध्ये एका फोटोत मॅट उजळ, पुढच्यात अर्धी काळपट, असे होत असेल तर दिव्यांकडे पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे अनेक ट्यूब, मेटल हॅलाइड आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००० चा शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतो. कॅमेऱ्यात ‘अँटी-फ्लिकर’ची सोय असेल तर ती चालू करा; नसेल तर सलग फोटो काढून उजळ निवडा. नवी लेन्स घेऊन हा दोष जाणार नाही.

मग घ्यावे काय?

दिवसाचे मैदानी खेळ आणि बैलगाडे यांसाठी ५५-२५० किंवा ७०-३०० पुरते. हॉल, मॅट, आखाडा यांसाठी ८५ मि.मी. एफ/१.८. दिव्याखालच्या हॉकी-फुटबॉलसाठी पैसे साठवून वापरलेली ७०-२०० एफ/२.८. क्रिकेटच हवे असेल तर २००-५०० किंवा १५०-६००. गहुंजेच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी म्हणून लेन्स घेण्याचा विचार असेल, तर तो सोडा. प्रेक्षक म्हणून तिथे व्यावसायिक कॅमेरा आत नेता येत नाही, माध्यमांचा अधिकृत पास लागतो.

मोठी रक्कम घालण्याआधी ती लेन्स एका सुट्टीसाठी भाड्याने घ्या आणि ज्या मैदानावर तुम्ही नेहमी जाता, तिथेच वापरून पाहा. संयोजकांना भेटून रेषेजवळ बसायची परवानगी मागा. स्थानिक स्पर्धांत ती बहुधा मिळते, आणि दहा मीटर पुढे सरकण्याने जे साधते, ते साधायला दुकानात हजारो रुपये मोजावे लागतात. आधी जागा मिळवा, मगच लेन्स घ्या.