आधी आंघोळ, मग गाणं
चोर बाजारातून आणलेली रेकॉर्ड मी थेट सुईखाली घालत नाही. आधी आंघोळ. पूर्वी फडक्याने पुसायचो. धूळ निघायची कमी, सरकायची जास्त. आता व्हॅक्यूमचं यंत्र आहे. तबकडी फिरवायची, मधला कागद सांभाळून द्रव ओतायचा, बारीक केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने चालवायचा. मग मखमली काठांची शोषनळी टेकवायची. आवाज मिक्सरला लाजवेल असा, पण मळ पाण्यासकट ओढला जातो. दोन फेऱ्यांत थांबायचं. कोरडीवर नळी फिरत राहिली की स्थिर वीज तयार होते आणि धूळ परत चिकटते.

१९४८ साली आलेली विनाइलची एलपी थोडं अल्कोहोल सोसते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी बहुधा लाखेची, तिला ते विष. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे ठाऊक असूनही मी एकदा चुकीची बाटली उचलली. ब्रश काळा झाला. म्हटलं, केवढा हा मळ! तो मळ नव्हता, गाणं होतं.

आता लाखेला डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब. आणि दुसऱ्या बाटलीवर लाल चिठ्ठी.